शेवटच्या ओळीतलं नाव

परवा लग्नाच्या मांडवात स्पीकरवर सखूआत्याचं जुनं गाणं लागलं. शेजारी बसून ती ओठांतल्या ओठांत गात होती. शेवटची ओळ आली आणि तिनं तोंड मिटलं.

लोकगीताच्या शेवटच्या ओळीत ते रचणाऱ्याचं नाव घालतात. हे गाणं रचलं आत्यानं, नाव मात्र गायन पार्टीच्या मालकाचं. आमच्या भागात स्टेजवर उभी राहिलेली ती पहिली बाई. शिव्या तिनं खाल्ल्या, नाव त्याचं झालं, आणि तेही तिच्याच गळ्यातून, गावोगाव!

मी घरातली पहिली पदवीधर. सर्टिफिकेटवरचं माझं नाव मी भिंतीवर मिरवते. तिनं कुठं मिरवायचं?

“तेव्हा बोलली का नाहीस गं?”

“बोलले की. म्हणाला, बाईचं नाव चालीत बसत नाही.”

माझं डोकंच फिरलं. तो आडनावासकट बसला आणि दोन अक्षरांची सखू बसेना? मी भर मांडवात त्याच्या जागी तिचं नाव घालून ती ओळ मोठ्यानं म्हटली. माणसं वळून बघायला लागली.

“ताल चुकला तुझा,” आत्या म्हणाली आणि तिनं स्वतःच्या नावानं ती ओळ गायली. कुठंही अडखळली नाही.