ओढ्याकाठचं राखलेलं रान

यजमान गेल्यावर म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या घरात मराठी बोलायला कोणी उरलं नाही. मुलगा बंगळुरूला. त्याच्या घरात कन्नड आणि इंग्रजी. मी देवापुढे काय पुटपुटते तेवढंच मराठी. त्यामुळे असेल, हुणसूरच्या पलीकडे यजमानांनी केलेल्या सागाच्या रानात मी पूर्वीपेक्षा जास्त जाऊ लागले.

नोकरीत असतानाच त्यांनी ती जमीन घेतली होती. वरच्या अंगाला ओळीनं साग लावला आणि ओढ्याकाठचा तुकडा तसाच सोडून दिला. तिथे जांभूळ, करंज, बांबू आपसूक माजले. पुढे माकडं आली, धनेश पक्षी आले. धनेश आल्याचं कळलं त्या दिवशी यजमानांनी मला ऑफिसातून फोन करून सांगितलं होतं, एखादी बढतीची बातमी सांगावी तसं.

रानाच्या कडेला दोन खोल्यांत एक जोडपं राखणीला राहायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोन गाई आणि थोड्या शेळ्या, त्यांच्यावर बराचसा संसार चालायचा. मी गेले की ती बाई दारात चटई टाकायची, नाचणीच्या उकडीचा गरम गोळा, तिकडचा मुद्दे, आणि पालेभाजीचं पातळ सार वाढायची आणि माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहायची. आमचं बोलणं कन्नडमध्ये. विषय नेहमीचेच असायचे, तिची गुडघेदुखी, माझी गुडघेदुखी. पण परतताना बसमध्ये मला बरं वाटायचं.

मग एका दिवाळीच्या सुमारास बिबट्यानं शेळी नेली. काही दिवसांनी आणखी एक, आणि नंतर गाईचं वासरू. मी गेले तेव्हा तिच्या नवऱ्यानं मला वासरू ओढत नेल्याची खूण दाखवली. ती थेट ओढ्याच्या झाडीत शिरत होती. वनखात्याच्या लोकांनी पिंजरा लावला, पण बिबट्या काही त्यात आला नाही.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. ओढ्याकाठची झाडी साफ करायची, सागही तोडायचा, आणि सगळ्या जमिनीत आलं लावायचं. गावातल्या लोकांना काम मिळेल आणि जनावराला लपायला जागा राहणार नाही. माझ्या मुलाचंही मत तेच पडलं. मी काही आठवडे विचार केला. मग परवानगी काढून वरचा निम्मा साग तोडायला दिला. ते काम गावातल्याच माणसांना दिलं. त्या मोकळ्या जागेत त्या दोघांनी आलं लावलं. घराभोवतीची झुडपं काढली, गोठ्याला वरून-खालून जाळी मारली. ओढ्याकाठाला मात्र हात लावू दिला नाही.

ओढ्याकाठ राखायचा असं मी सांगितलं त्या दिवशी तिनं जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "अम्मा, तुमच्या झाडांवर माझा राग नाही. पण संध्याकाळी तुम्ही बसनं घरी जाता. आम्ही इथंच असतो."

मी म्हटलं, "ती झाडी तोडली तर ओढ्याचं पाणीही जाईल."

"ते मला कळतं. मला भीती वाटते, एवढंच सांगते."

मी हात धुवायला उठले.

जाळी मारल्यावर एकही जनावर गेलं नाही. पण एकदा ऊन उतरल्यावर ती ओढ्यावर धुणं आणायला गेली, तेव्हा तिच्या कपडे धुवायच्या दगडावर बिबट्या बसला होता. त्यानं काही केलं नाही. तिच्याकडे पाहिलं आणि उठून झाडीत गेला. आल्याचं पीक काढून झाल्यावर दोघांनी जनावरं विकली आणि म्हैसूरला आली. जाताना तिनं घर शेणानं सारवून किल्ली माझ्या हातात दिली. मी थांबा म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार?

आता गावातल्या बायका वाळलेली लाकडं आणि गवत न्यायला येतात. मीच सांगून ठेवलंय. त्या घोळक्यानं येतात, मोठमोठ्यानं बोलत काम उरकतात आणि ऊन असतानाच परत जातात. घरात राहायला येता का, असं मी दोघा-तिघांना विचारून पाहिलं. कोणी तयार नाही. मी डब्यातला दहीभात पायरीवर बसून खाते. ओढ्याला पाणी आहे, धनेश आहेत. इतकं भरलेलं रान यजमानांनीसुद्धा पाहिलं नव्हतं, आणि हे सांगायला तिथे कोणी नसतं.

मध्यंतरी म्हैसूरच्याच मंडी मोहल्ल्यात तिला भेटायला गेले. नवरा पोती उचलायचं काम करतो, ती एका दुकानापुढे लिंबू-मिरच्या विकते. मला पाहून तिनं स्टूल पुढे केलं, चहा मागवला. शहरात झोप लागते म्हणाली, फक्त गाईंची आठवण येते. मग तिनं विचारलं, "तिथं घरात दिवा लावता का?"

"जाते तेव्हा लावते," मी म्हटलं. "दुपारीच."

ती हसली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ती मिरच्या तोलायला वळली. आणखी गिऱ्हाइकं येत गेली. चहा संपवून मी तिला मानेनंच येते म्हणून सांगितलं आणि बसथांब्याकडे निघाले.