उपवास आत्याबाईंच्या नावावर

देवी माझ्यावर कोपली आहे, हे मी धरूनच चालले होते. छातीतली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हासुद्धा मी एवढी घाबरले नव्हते. पण देवळातला प्रसाद तोंडाजवळ नेला आणि पोटात ढवळून आलं, तेव्हा माझं अवसानच गळालं. जगदंबेचा शिरा नकोसा वाटतो, म्हणजे तिनेच मला दूर लोटलं! मग काय, तिची मनधरणी करायला मी उपवास धरले. मंगळवार, शुक्रवार, पुढे एकादशीही. भूक नव्हतीच, त्यामुळे जड गेलं नाही. बांगड्या मात्र कोपरापर्यंत सरकायला लागल्या. सासूबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, गल्लीभर माझं कौतुक सांगायच्या.

एकदा घनसावंगीहून जीपने जालन्याच्या दवाखान्यात गेलो, तर नेहमीचे डॉक्टर रजेवर. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझं वजन बघून त्यांनी विचारलं, "काय खाता?" सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या, "उपास करून राह्यली ना, लई कडक!" बाईंनी कपाळाला हात लावला. मग खुर्ची जवळ ओढून समजावलं. रोगाशी लढणाऱ्या पेशी रक्तातून रसायनांचे निरोप धाडतात. तापात जेवण नको होतं, तेही त्यांच्यामुळेच. पण ताप उतरतो. कॅन्सरमध्ये ते निरोप थांबतच नाहीत. मेंदू भूक बंद करतो आणि माणूस झडत जातो. त्या रसायनांचं सायटोकाइन की काय नाव सांगितलं त्यांनी.

"म्हंजे देवी रागावली न्हाई?" मी विचारलं.

"ताई, तुमचा काहीच दोष नाही. भुकेची वाट बघू नका, थोडंथोडं खात राहा. आणि उपवास बंद!"

मी तिथेच हमसून रडले. केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! तरी बोललेले उपवास मोडायचे कसे, ही धास्ती होतीच. घरी आल्या आल्या सासूबाई देव्हाऱ्यापुढे बसल्या. "आई, हिचे उपास आजपासून माझ्या नावावर. हिला खाऊ दे." मग माझ्याकडे वळून, "बघती काय गं? गिळ आता!" मी मऊ खिचडीचे चार घास कसेबसे खाल्ले. पुढेही रोज तसेच खात गेले.

उपचार लांबले, पण गाठ विरत गेली. एका मंगळवारी शेजारून ठेच्याचा वास आला आणि पोटात खड्डा पडला. काय होतंय ते क्षणभर कळेना. "आत्याबाई, मला भूक लागली!" मी ओरडलेच. त्यांनी उपाशीपोटी माझ्यासाठी भाकरी थापली आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "हळू खा, ठसका लागंल."

देवीला द्यायचं म्हणजे आपणच सोसायचं, असं मला वाटायचं. आपल्यासाठी कुणी सोसलेलं मुकाट्याने घेणं, हेही तिच्या पायी वाहणंच आहे. मी दुसरी भाकरी मागून घेतली.