तोंड वाकडं झालं त्याची गोष्ट

लेकीच्या साखरपुड्याला मी तोंडाला चिकटपट्ट्या लावून बसले होते. गप्प राहावं म्हणून नव्हे, तरुण दिसावं म्हणून. घरात ही गोष्ट माझ्या माघारी सांगतात आणि चुकीची सांगतात, तेव्हा बाई मीच लिहून ठेवते.

सुरुवात मतदार ओळखपत्रापासून झाली. पनवेलला ती फोटोवाली कार्डं तेव्हा नवीनच निघाली होती. शाळेच्या वर्गात बाकावर बसवून फोटो काढला, आणि कार्ड हातात आलं तर वय ४६ च्या जागी ६४! आकड्यांची अदलाबदल. मी तरातरा दुरुस्तीला गेले. टेबलामागच्या माणसानं कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे की, आजी."

त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, एवढं पुरलं. अडीच महिन्यांवर लेकीचं लग्न. होणारी विहीण माझ्याहून वर्षभरानं मोठी, पण गाल असे, जशी कढईतून नुकती काढलेली पुरी. फोटोत तिच्या शेजारी मी चौसष्ट वर्षांची उभी राहणार, या विचारानं माझं जेवण गेलं. त्यामुळे चेहरा आणखी उतरला. येणारा-जाणारा विचारायचा, "चेहरा ओढलेला दिसतोय, बरं नाही का?"

भाजलेल्यांवर इलाज करणारे एक प्लास्टिक सर्जन दर गुरुवारी मुंबईहून आमच्याकडच्या एका नर्सिंग होममध्ये यायचे. घरी "दाढ दुखतेय" असं सांगून मी तिथं जाऊन बसले. शेजारी तळोज्याच्या कारखान्यातला एक माणूस, हाताला कोपरापर्यंत बँडेज. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ताई, तुमचं काय जळलंय? काय दिसत नाय."

आता काय सांगणार? माझं जे जळत होतं त्याला मलम नव्हतं. "आतून आहे," म्हटलं.

बिचारा इतका हळहळला, की त्यानं आपला नंबर मला दिला. "तुमी जावा आदी, ताई. आमी बसतो." हे आठवलं की अजून मान खाली जाते. हसू येतं ते निराळं.

डॉक्टर तरणे होते, पण हसले नाहीत. मी म्हटलं, "कापाकापी नको, आणि चेहरा मात्र वर गेला पाहिजे."

"काकू, दोन्ही एकदम जमायचं नाही," ते म्हणाले. "खाली उतरलेली कातडी वर न्यायची तर ऑपरेशनच. कानाच्या पुढून, केसांच्या आतून कापायचं, ओढायचं, जादाची कातडी काढून टाके घालायचे. आठ-दहा वर्षांची निश्चिंती. पण दोन-तीन आठवडे सूज, काळेनिळे डाग, गाल काही महिने बधिर."

"म्हणजे ओढलेला चेहरा अजून ओढायचा?"

तेव्हा मात्र ते हसले. "असंच समजा."

"मग ते औषध लावून कातडी सोलतात म्हणे?"

"ते वरच्या पापुद्र्यापुरतं. बारीक रेषा जातात, तकाकी येते. पण भिंत कललेली असली तर रंग काढून ती सरळ होते का? शिवाय आपल्या सावळ्या कातडीवर उलटे काळे डाग पडू शकतात, आणि उन्हात फिरणं बंद."

लग्नाची आमंत्रणं काय रात्री वाटायची होती?

"आणि सुई? एक मैत्रीण सांगत होती, सुईनं खड्डे भरतात."

"भरतात. नाकापासून ओठापर्यंतची ही रेघ भरता येईल. पण आधी हातावर थोडं टोचून महिनाभर बघावं लागतं, सोसतं का ते. आणि तीन-चार महिन्यांत पुन्हा जैसे थे. लोंबतं ते लोंबतंच."

मग त्यांनी माझ्या हातात आरसा दिला आणि दोन बोटांनी माझे गाल कानांकडे सारले. अगं बाई! आरशात माझी धाकटी बहीण बसली होती.

"हे ऑपरेशननं होईल," ते म्हणाले. "एक धोका सांगून ठेवतो. क्वचित हसण्याची नस दुखावते. बहुतेक वेळा येते ती परत, पण वेळ लागतो."

"म्हणजे लेकीच्या लग्नात मी अर्धीच हसणार?"

"क्वचित म्हटलं, काकू. लग्नाआधी सूज उतरायला हवी, तर येत्या गुरुवारी कळवा."

रविवारी साखरपुडा, गुरुवारी निकाल. मी ठरवलं, रविवारी रंगीत तालीम करायची. गाल वर नेऊन विहिणीसमोर बसायचं. तिची नजर बदलली तर ऑपरेशन, नाहीतर नाही. किती हुशार बाई!

दोन्ही कानशिलांवर, केसांखाली, चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावला. त्याला काळा दोरा शिवला, आणि दोऱ्याचं टोक ताणून अंबाड्यातल्या आकड्याला बांधलं. उजवीकडे एक आकडा, डावीकडे एक. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "चहा झाला का?" लेकीचं मात्र लक्ष गेलं. "आई, तू अशी दचकल्यासारखी का दिसतेस?"

पेणहून मुलाकडची मंडळी आली. सगळं रीतसर झालं. मी हसायचं टाळून नुसती मान डोलवत होते, कारण हसलं की दोरे ताणायचे. मग विहिणीनं माझी ओटी भरली, साडी दिली आणि गजरा माळायला माझ्या मागं आली. गजऱ्याला आकडा हवा म्हणून तिनं माझ्याच अंबाड्यातला एक उपसला.

उजवा.

माझा उजवा गाल खाली आला. डावा जागच्या जागी.

मुलाची आत्या समोरच होती. ती मोठ्यानं म्हणाली, "बघा! साडी दिली, गजरा माळला, तर विहीणबाईंनी तोंड वाकडं केलं!"

तेवढ्यात आमचे हे ताडकन उठले. "अहो, केलं नाही, झालंय! लकवा आहे हा! डॉक्टरला बोलवा कुणीतरी!"

माझ्यापुढं दोनच वाटा. एक तर मी शिष्ट, नाहीतर मी लुळी. कुठली सोयीची, याचा मी खरंच विचार करत होते. तेवढ्यात लेकीकडे पाहिलं. तिचा रंग उडाला होता. आत्ताच पक्कं झालेलं लग्न डोळ्यांदेखत मोडतंय, नाहीतर आई जातेय, दोन्हीपैकी काय ते तिला कळत नव्हतं.

मी डावा आकडाही उपसला. दोन्ही पट्ट्या ओढून काढल्या, केसांसकट, आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं: विहिणीशेजारी फोटोत म्हातारी दिसू नये म्हणून हे केलं, साडी फार आवडली, आणि मला काही झालेलं नाही.

आधी विहीण हसली. अशी हसली, की डोळ्यांचं काजळ गालांवर आलं. मग आत्या, मग लेक, मग सगळेच. आमचे हे तेवढे उभ्या उभ्या विचारत राहिले, "मग लकवा नाही ना?"

विहीण मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि खोबरेल लावून कानशिलांवरचा डिंक काढायला लागली. इतक्या जवळून पाहिलं तर तिच्याही डोळ्यांखाली बारीक जाळी होती, पावडरनं बुजवलेली. मग मी तिला सगळंच सांगितलं. डॉक्टर, टाके, सुई, गुरुवार. ती ऐकत होती, बोटं चालूच.

त्या गुरुवारी मी नर्सिंग होमला गेले नाही. पुढच्याही नाही. कारण शेवटचा डिंक निघाल्यावर हात पुसत विहीणबाई मला म्हणाल्या:

"ऑपरेशन खुशाल करा हो, पण लग्न होऊन जाऊ दे. भर मांडवात मला एकटीला म्हातारी करून कुठं निघालात?"