देवीनंतरची पत्रिका

मी शाळेत इतिहास शिकवतो, आणि तास संपता संपता जुन्या ग्रीक लढाईच्या गोष्टी सांगायची मला खोड आहे. भाची सुट्टीला मंगळवार पेठेत आमच्याकडे असायची, तेव्हा तिलाही त्याच सांगितल्या. एका बाईपायी दहा वर्षं चाललेलं युद्ध, आणि वर बसून आपापल्या लाडक्यांना वाचवणारे उचापती देव. सगळ्यांत मोठा वीर कोण, तर लुटीतला त्याचा वाटा राजानं काढून घेतला म्हणून रुसून तंबूत बसलेला. त्याच्या जागी लढायला गेलेला जिवलग मित्र मेला. भाची त्या वीरावर चिडायची, मी हटकून त्याची बाजू घ्यायचो.

आमच्यात लग्नाची पहिली पत्रिका देवीला आणि लगोलग दुसरी मामाला. भाचीचं लग्न ठरलं तेव्हा शिरोळला, बहिणीच्या सासरी, तिच्या थोरल्या दिरानं मामाचा तो मान मागितला. बहीण मधल्या मधे सापडली. तिनं देवीला कौल लावला. मूर्तीला दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर दीर, डावं पडलं तर भाऊ. उजवं पडलं.

माझ्याकडे ती दोन दिवसांनी आली आणि भोळेपणानं हे सगळं सांगून बसली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माझा मान फुलावर ठरवतीस व्हय? मग लग्नातबी फुलालाच उभं कर की." बहीण चहा न घेता गेली. माझ्या गोष्टीतले देव तरी भांडणं लावून मजा बघायचे. आमच्या देवीनं बिचारीनं काय केलं होतं? फूल वाऱ्यानंही पडलं असेल. भांडण मी लावलं. आता लिहिताना लाज वाटते, तेव्हा अजिबात वाटली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी भाचीचा फोन आला. "मामा, तंबूत बसलायस व्हय?"

मला हसू आलं, ते मी दाबलं.

"आईचं चुकलं. पण मला बोहल्यावर तूच न्यायचंस. मी वाट बघणार हाय."

"बघू," मी म्हणालो.

सकाळी बायको एकटीच पुढं गेली. मी इस्त्रीचे कपडे घालून खुर्चीत बसलो. म्हटलं, कुणीतरी गाडी घेऊन न्यायला येईल, दोनदा विनवील, मग उठू. कुणी आलं नाही. शेवटी मोटारसायकल काढली.

पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती बसल्या होत्या. बायको म्हणाली, "पोरगी खोलीतनं उठंना. मामा येतोय म्हणून तिनं मुहूर्त टळू दिला. भटजी ओरडाय लागले, मग थोरल्या चुलत्यानं हाताला धरून आणली."

नवराबायको पाया पडायला आली. मी म्हटलं, "उशीर झाला गं."

"व्हय," ती म्हणाली. नवऱ्याला सांगितलं, "ह्यो माझा मामा." आणि पुढच्या पाहुण्यांच्या पाया पडायला गेली.