वन्संची पालथी पाटी

इकडे ये बघू हिरे, अशी जवळ बस. लांबून बोलायची मला सवय नाही, आणि लिहायची तर त्याहून नाही. अक्षरं मी लग्नानंतर शिकले, दिराच्या पुस्तकांतून, चुलीपाशी बसून. पण करते काय? तुला पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. मुंबईला गेलीस म्हणून काय रेवदंड्याचं टपाल बंद झालं? रविवारची पुरवणी मात्र तू न चुकता वाचतेस, असं तुझ्या बापानं सांगितलं. म्हटलं, तिथेच गाठावी हिला. चारचौघांत कान धरला की तरी लाज वाटेल. अगं, वन्संच्या तेराव्यालासुद्धा आली नाहीस... बरं, ते राहू दे. त्याचं उत्तर मला ठाऊक आहे, पुढे सांगते.

वन्सं गेल्या त्याला महिना उलटला. वाचणाऱ्यांना सांगायला हवं, वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण, सुमती. त्या दिवशी सकाळी मी मागल्या अंगणात सुपारी वाळत घालत होते. कोळीवाड्यातली एक बाई पोराला कडेवर घेऊन धावत आली नि म्हणाली, "वयनी, लवकर चला, बाय स्टुलावर बसलीय पर बोलत न्हाय." पडवीच्या खोलीत गेले, तर वन्सं भिंतीला टेकलेल्या, मांडीवर टॉवेल, समोरच्या शेगडीवर शेकाचं पाणी उकळत होतं. शेकायला येणाऱ्या पहिल्या पोराची वाट बघता बघता गेल्या. मी आधी शेगडी विझवली. का, ते अजून कळलं नाही. वन्सं असत्या तर म्हणाल्या असत्या, "वहिनी, कोळसा फुकट का जाळताय?"

तरुणपणीच कपाळ पांढरं झालं नि वन्सं माहेरी परत आल्या. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, घरात मात्र वन्संना उंबरा ओलांडायचं स्वातंत्र्य नव्हतं. हट्टानं अलिबागच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागल्या. मग पोरांवरून वारं जायची ती साथ आली. पोलिओ हा शब्द आम्हाला तेव्हाच कळला. ताप उतरायचा आणि पोराचा पाय कापडाच्या बाहुलीसारखा लोंबायचा. तिथले डॉक्टर म्हणाले, मुंबईत नवं शिक्षण निघालंय, व्यायामानं नि शेकानं हातपाय चालते करायचं, फिजिओथेरपी म्हणतात, तुम्ही जा. सासरे ताडकन म्हणाले, "लोकांचे पाय चोळायला मुंबईला कशाला जायला हवं?" वन्सं म्हणाल्या, "अण्णा, चोळायचं कसं ते इथे कुणाला येत नाही, म्हणून." आणि बोटीत बसल्या.

संस्था नवी, जागा भाड्याची, शिकवणाऱ्या बाई विलायतेत शिकून आलेल्या आणि फार मायाळू. विजेचा शेक द्यायचं यंत्र आलं, पण ते जोडायला माणूस मिळेना, म्हणून मुली त्यावर पुस्तकं ठेवत. वन्संची पत्रं यायची ती अशी हसवणारी. शिक्षण संपलं, परीक्षा झाली, आम्ही आळीत पेढे वाटले, आणि मग सरकारनं कळवलं की संस्थेला मान्यताच नाही. तिच्याकडे स्वतःचा रुग्णविभाग नाही, म्हणून मुलींचे प्रत्यक्ष कामाचे तास भरलेले नाहीत, चौकशी होईपर्यंत प्रमाणपत्रं ग्राह्य धरता येणार नाहीत. वन्सं ट्रंक घेऊन परत आल्या. अण्णांनी विचारलं, "म्हणजे तू पास की नापास?"

"पास झालेय अण्णा. पण नाही."

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आंबा पिकलाय, पण उतरवायला मुभा नाही." त्यावर वन्सं इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. पुसायचं कारण हसणंच होतं का, ते मी विचारलं नाही.

त्याच सुमारास धाकू तांडेल, म्हणजे तुझा बाप, तुला खांद्यावर टाकून आमच्या वाडीत आला. तुझी उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती, चवड्यावरच पाय राहायचा, तोही कुणी धरलं तर. धाकू म्हणाला, "बाय, माजी पोर चालंल का?" वन्सं म्हणाल्या, "तांडेल, मला अजून परवाना नाही. अलिबागच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, ते सांगतील तेवढंच करीन." त्यानं दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आणली. त्याच्याच भाऊबंदांतल्या होडीच्या सुताराकडून धरून चालायचे दोन दांडे करून घेतले, जुन्या शिडाच्या काठीचे. आठवतात का तुला? तू ते खारट लागतात म्हणून चाटायचीस. आणि एक दिवस ते दांडे धरून तू पडवीच्या खोलीत या टोकाहून त्या टोकाला गेलीस. टाच अजून अधांतरीच होती, पण तुझा बाप पडवीच्या पायरीवर बसून धाय मोकलून रडला.

आता बघ, माणूस आनंदात काय करून बसतं. नारळी पुनवेला होड्या रंगवतात, नावं घालतात. वन्सं कामाला अलिबागला गेल्या होत्या. धाकूनं होड्या रंगवणाऱ्याकडून एक सागाची फळी रंगवून आणली, निळी, दोन्ही टोकांना मासे, मधे मोठ्या पिवळ्या अक्षरांत "डॉक्टरीन बाय", आणि वाजतगाजत आमच्या फाटकावर ठोकली. मी खुळी, ओवाळलं त्या पाटीला! संध्याकाळी वन्सं आल्या, पाटी बघून आधी हसल्या, मग फाटकाच्या दगडावर बसल्या.

"वहिनी, ही उतरवायला हवी."

"अहो, प्रेमानं लावलीय त्यांनी. सणाचा दिवस आहे, उद्या काढू."

वन्सं थांबल्या. सणाला कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून थांबल्या... आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही शिडी शोधतोय तोवर, देवीच्या लशीच्या कामासाठी आलेले आरोग्य खात्याचे एक साहेब फाटकावरून जाताना पाटी वाचून थांबले नि वन्संवर कडाडले. परवाना नाही, मान्यता नाही, आणि वर डॉक्टर म्हणवून घेता? खोली बंद करा. बाकीच्या मुलींना राहिलेले तास भरून पुन्हा परीक्षेला बसायची संधी मिळणार होती, त्यातून वन्संचं नाव गळायची वेळ आली.

धाकूला कळलं तसा तो तोंड लपवून बसला नाही. एसटीनं अलिबागला निघाला, मागोमाग वन्सं, आणि त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून मी. कचेरीत साहेबांपुढे उभा राहून म्हणाला, "सायब, पाटी माजी हाय. बायला म्या इचारलंबी न्हाय. काय करायचं ते मला करा."

"पण ती डॉक्टर नाही ना? मग असं लिहिलंच कसं?"

"आता सायब, माज्या होडीवर 'दर्याचा राजा' लिवलंय. सरकार मला राजा म्हून धरनार हाय का?"

कारकून खाली बघून हसायला लागला, मग साहेबही. ते म्हणाले, "पाटी यांनी लावलेली नाही, एवढं मी लिहून पाठवतो, परीक्षेला अडचण येणार नाही. पण खोली बंदच राहील. मान्यता मिळेपर्यंत कुणाला हात लावायचा नाही."

येताना गाडीत मी म्हटलं, "वन्सं, आतल्या बाजूनं कडी लावून घेऊ. हिरा एवढीशी, मागच्या दारानं आली तर कोण बघणार आहे?" माझ्याकडे असं बघितलं की मी पदर सारखा केला. म्हणाल्या, "वहिनी, मला राग येतो हो या नियमांचा. पण उद्या कुणीही उठेल, चार महिने काहीतरी शिकेल नि दुकान मांडेल. मग तांडेलानं आपली पोर कुणाच्या भरवशावर द्यायची?" मला ते पटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे तुझी ती अधांतरी टाच होती. इतके कष्ट घेऊन हललेला पाय पुन्हा आखडला तर, याचीच धास्ती वन्संनाही होती. रेवदंड्याला गाडी थांबली. उतरल्या नि घरी न येता सरळ कोळीवाड्यात गेल्या, तुझ्या आईकडे.

"जने," म्हणाल्या, "आईनं आपल्या पोरीचा पाय हलवायला सरकारचा परवाना लागत नाही. मी सांगते, तू कर. मी बोटही लावणार नाही."

आणि नाहीच लावलं. पदरात हात गुंडाळून बसायच्या, नुसतं तोंडानं सांगायच्या. पाऊस सरला तशा उरलेले तास भरायला मुंबईला गेल्या. इकडे जनी रोज ओहोटीला तुला खाडीच्या कोमट पाण्यात उभी करायची, मासळी वाळत टाकून आली की. तू बोंबलायचीस, "आये, खेकडा!" आणि पाय उचलायचीस. जनी म्हणायची, "उचल, उचल, त्यासाटीच तर आनलीय." वन्सं परत आल्या तेव्हा त्यांची संस्था एका सरकारी रुग्णालयाला जोडली गेली होती, परीक्षा पुन्हा झाली होती, नाव रीतसर लागलं होतं. पण ते काही कुणाला दाखवलं नाही त्यांनी. आधी तुझा पाय हातात घेतला... किती महिन्यांनी! पाय आखडला नव्हता. त्या जनीला म्हणाल्या, "माझी परीक्षा तूच दिलीस."

आता सगळ्यांना वाटलं, पाटी पुन्हा लागणार. वन्संनी ती मागून घेतली, पालथी केली, एका बाजूला वीट लावून खोलीत तिरपी बसवली, आणि तिच्यावर तुला उभी केली, चवडे वर, टाचा खाली. धाकूचं तोंड उतरलं. "बाय, माजी पाटी पायाखाली?"

"पायाखाली कसली तांडेल? तुमची पोर उभी आहे तिच्यावर."

त्याच फळीवर तुझी टाच टेकली, हिरे. त्यानंतर किती पोरांच्या टेकल्या त्याला गणती नाही. आणि आता ते तेराव्याचं. गेल्या जूनमध्ये तू त्याच शिक्षणाला गेलीस, तेव्हाच वन्संनी मला बजावलं होतं, "वहिनी, उद्या माझं काही झालं तर हिराला हजेरी बुडवून बोलवायचं नाही. तास भरू देत तिचे." म्हणून तार केली नाही मी, नुसतं पत्र टाकलं. तू आली नाहीस ते बरोबरच केलंस. रागावले ते आपलं... कुणावर तरी रागवायला हवं ना गं?

परवा खोली झाडताना फळी उचलली. वरचं लाकूड टाचांनी घासून बशीसारखं खोलगट झालंय. खालचे मासे मात्र कालच रंगवल्यासारखे, ऊन लागलंच नाही त्यांना. धाकू म्हणाला, "वयनी, आता तरी लावू का फाटकावर?" मी नको म्हटलं. होती तशी पालथी घातली, वीट सरकवली. सकाळी आया अजून फाटकापर्यंत येतात, पोराला कडेवर घेऊन उभ्या राहतात, नि जातात. मी तरी त्यांना काय सांगू? मला फक्त शेकाचं पाणी तापवता येतं.

तू शिक गं निवांत, एकही तास सोडू नकोस. पुढे कुठे काम करायचं ते तुझं तू ठरव. मी गळ घालणार नाही, वन्संनी घातली नसती. पण दिवाळीची सुट्टी लागली की बोटीनं ये, धाकू धक्क्यावर येईल. मी तांदळाच्या भाकऱ्या करते, कोलीम, ती बारीक कोळंबी, जनी आणेल. चपला पायरीवर काढ, आत ये, आणि एकदा त्या फळीवर उभी राहा. मला बघायचंय. लवकर ये.