जानकीआत्यावरचा खटला

माझी जानकीआत्या बबीन्याच्या लष्करी छावणीत एका शिंप्याच्या दुकानात फौजी वर्द्या शिवायची. राहायची झाशीत, दतिया गेटजवळ, आमच्याच घरात. रोज पॅसेंजरनं जायची-यायची. लग्न मोडून माहेरी आल्यापासून आजोबांचं सगळं तीच बघायची. त्यांचं औषध, त्यांची दाढीसुद्धा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

एका दुपारी आजोबा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. बाबांनी दुकानात फोन लावला. आत्यानं शिवण मशीनवर तसंच टाकलं आणि स्टेशन गाठलं. गाडी फलाटाला लागलेली होती, सुटलीही वेळेवर. पण झाशीचं स्टेशन समोर दिसायला लागलं आणि तिथेच उभी राहिली.

सिग्नल बिघडला होता. त्या वर्षी तो वरचेवर बिघडायचा, आणि गार्डचं उत्तर ठरलेलं असायचं, "बस, पाँच मिनट."

आत्या त्याच्या डब्यापाशी गेली. "भैया, घर में पिताजी की मिट्टी पड़ी है."

"मैं क्या करूँ बहनजी, सिग्नल ही नहीं मिल रहा."

घरी बाबांनी लोकांना थोपवून धरलं होतं. पण अंधार पडल्यावर अग्नी द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आत्यालाही ती ठाऊक होती. ऊन उतरायला लागलं तशी ती रुळांच्या कडेनं चालत निघाली. शेवटी रूळ ओलांडून फलाटावर चढत होती, तोच दोन रेल्वे पोलिसांनी तिला अडवलं. पटरी ओलांडणं गुन्हा आहे म्हणाले. वडील गेलेत, असं तिनं सांगितलं.

त्यांच्यातला एक हसला. "सबके पिताजी आज ही मरते हैं."

नाव-पत्ता लिहून घेईपर्यंत त्यांनी तिला बाकावर बसवून ठेवलं.

ती घरी पोचली तेव्हा अंगण धुतलेलं होतं आणि आजोबांना ठेवलं होतं त्या जागी पिठावर दिवा लावलेला होता.

आई म्हणाली, "वन्सं, फार वाट पाहिली हो."

आत्या दिव्याकडे बघत राहिली. "मला तोंडसुद्धा बघू दिलं नाही त्या रेल्वेवाल्यांनी," एवढंच म्हणाली. कुणी जवळ गेलं की हात झटकायची.

सुतक संपलं आणि रेल्वेच्या मॅजिस्ट्रेटपुढे हजर राहायचं समन्स आलं. बाबा म्हणाले, "गुन्हा कबूल कर, दंड भरून टाकू. विषय संपला."

"मी कबूल करणार नाही, दादा."

कोर्टात तिच्या पुढचे सगळे हात जोडत होते आणि पैसे भरून जात होते. तिची पाळी आली. मॅजिस्ट्रेटनी मान वर न करताच विचारलं, "जुर्म क़बूल है?"

"पटरी पार की, ये सच है साहब. जुर्म नहीं किया. गाड़ी जिसने खड़ी रखी, उसे भी बुलाइए."

"उस पर यहाँ केस नहीं है."

"तो मुझ पर क्यों है?"

मॅजिस्ट्रेटनी आता वर बघितलं, आणि पुढची तारीख दिली.

मग तारखाच पडत गेल्या. दुकानदार कुरकुर करू लागला. बाबाही वैतागले, आणि आत्यानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. स्वयंपाकघरात भांडी अशी आपटायची की आई बाहेर येऊन बसायची. साक्षीदार होता तो हसलेला शिपाई. मधल्या काळात त्याची ललितपूरला बदली झाली होती आणि तो काही येत नव्हता. शेवटी मॅजिस्ट्रेटनी दम भरला, तेव्हा कुठे निघाला.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी त्याचा पत्ता नव्हता. सरकारी वकील उठले आणि टेबलाकडे बघत म्हणाले, "साहब, गवाह की गाड़ी रास्ते में खड़ी है. सिग्नल फ़ेल है."

अख्खं कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेटही हसले. त्यांनी खटला काढून टाकला आणि म्हणाले, "आप छूट गईं. घर जाइए."

आत्या जागची हलली नाही. "लिखकर दीजिए कि सिग्नल ख़राब था."

"काग़ज़ पर इतना ही आएगा कि गवाह हाज़िर नहीं हुआ."

बाहेर आल्यावर बाबा तिला म्हणाले, "सुटलीस ना? आता तरी राग सोड."

"सुटले कुठे, दादा? त्यांचा माणूस पोचला नाही म्हणून मला घालवून दिलं." तिचा आवाज चढला, लोक वळून बघायला लागले. "त्याला उशीर झाला तर सगळ्यांना हसू येतं. मला झाला तेव्हा माझं नाव लिहून घेत होते."

पुन्हा कधी बाबांनी तिला राग सोड म्हणून सांगितलं नाही.

पुढे कित्येक वर्षं आत्या त्याच गाडीनं जात राहिली. गाडी सिग्नलला अडली की डब्यातले लोक "चलता है" म्हणत पत्ते काढायचे. आत्या उठून उभी राहायची. कुणी कितीही बसा म्हटलं, तरी गाडी हलेपर्यंत ती बसायची नाही.