एक सवाल गावाचा

"आधी बसून पाह्यतो, मंग बोलतो." असं म्हणून डोक्यावरची टोपी काढायची, गुडघ्यावर ठेवायची आणि जिथला प्रश्न असेल तिथंच बैठक मारायची, ही आमच्या भाऊंची रीत. भाऊ म्हणजे फुलचूरचे धान पिकवणारे शेतकरी आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत निवडून आलेले आमदार. देवरीच्या रस्त्याची तक्रार आली, तर हे गृहस्थ बैलगाडीत बसून थेट देवरीला! परत आले ते आठवडाभर पालथे झोपून होते. पण रस्त्यावर बोलले ते पालथं झोपलेल्या माणसाच्या अधिकारानं बोलले.

मी गावच्या शाळेत इतिहास शिकवत असे. त्या वर्षी नागपूरच्या विधानसभेत विधेयक आलं. शाळांच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिका सरकारनं तपासायच्या, इंग्रजांच्या वेळचे प्रश्न गाळायचे, नवे घालायचे. कोणता राजा ठेवायचा आणि कोणता काढायचा, यावर शहाणीसुरती माणसं हमरीतुमरीवर आली होती. एका सकाळी भाऊ शाळेत हजर.

"गुरुजी, चौथीचा पर्चा कधी हाय?"

"सोमवारी. काऊन?"

"मी बसतो."

मला वाटलं, थट्टा करताहेत. कसली थट्टा! सोमवारी आमदारसाहेब टाटपट्टीवर, पोरांच्या रांगेत, टोपी गुडघ्यावर. पोरं खुसुखुसु हसायला लागली. मी छडी आपटली, पण हसू मलाही आवरेना. जरा वेळानं भाऊ शेजारच्या मुलीकडे हळूच झुकले.

"बाई, पानिपतात कोण जिंकलं वं?"

पोरीनं हात आडवा घालून उत्तर झाकलं आणि वर ओरडली, "गुरुजी, आमदार नक्कल करून राहिले!"

भाऊ नापास झाले. चांगले सणसणीत नापास झाले. 'इंग्रजी राज्याचे फायदे लिहा' याच्याखाली त्यांनी लिहिलं होतं, 'आगगाडी आली. रुळाखालची लाकडं आमच्या आजानं जंगलातून ओढली. त्यात त्याचा बैल मेला.' पाठ्यपुस्तकात बैल नव्हता. मी शून्य दिलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पुस्तकात नाई तं तुमी कायले द्याल?" पण उठले नाहीत. "गुरुजी, लढाई पानिपतले, राजा दिल्लीले. आपल्या इकडं कोणी जगलंच नाई का गा?"

तिथून त्यांनी एकच गोष्ट धरली. कोणते राजे ठेवायचे ते तुम्ही बघा, पण प्रत्येक पर्च्यात एक सवाल पोराच्या गावाचा पाहिजे, आणि तो कायद्यात पाहिजे. माझ्यातला मास्तर गप्प बसेना. मी म्हटलं, "भाऊ, गावोगावची उत्तरं वेगळी. बरोबर की चूक, हे ठरवणार कसं?"

"तुमी गावातच राहता ना? मंग!"



पहिल्या अधिवेशनात त्यांची सूचना हसण्यावारी गेली. दुसऱ्यात फेटाळली गेली. पक्षातल्या मंडळींनी आधी समजावलं, मग दटावलं. नाक्यावरच्या चहावाल्यासमोर भाऊंनी स्वतः मला सांगितलं, "मले इचारलं, तिकीट पायजे का सवाल? म्या म्हटलं, सवाल." आणि बशीतला चहा सुर्रकन ओढला. मला राग आला. आमदारकी काय वाटेवर पडलेली असते? पण हा माणूस पुढच्या अधिवेशनालाही तीच सूचना घेऊन गेला. आणि त्या खेपेला, याला एकदाचा गप्प करायला म्हणून का होईना, त्यांचा सवाल कायद्यात आला.

पुढच्या निवडणुकीचं तिकीट गेलंच. बातमी घेऊन मी धावत गेलो, तर भाऊ खळ्यावर धान उफणत होते. "जाऊ द्या. पर्चा छापून आला का?" एवढंच विचारलं. पुढेही भेटले की तेच विचारायचे. आला नव्हता. छपाई, मंजुरी, सरकारी कामाला वेळ लागतोच.

शिमगा झाला आणि साध्या तापाचं निमित्त होऊन भाऊ गेले. असा चटका लागला जिवाला!

पर्चा आला तो त्यानंतरच्या वार्षिक परीक्षेला. शेवटचा सवाल होता, 'तुमच्या गावात घडलेली एक गोष्ट लिहा.' सातवीचे पेपर मी घरी ओसरीत बसून तपासत होतो. एकीनं लिहिलं होतं:

'आमच्या गावचे आमदार चौथीच्या परीक्षेला माझ्या बाजूला बसले होते. त्यांनी मला पानिपत विचारले. मी हाताने झाकून घेतले. ते नापास झाले, पण त्यांच्यामुळे हा सवाल आला. मी त्यांना सांगायला पाहिजे होते.'

पुस्तकात हे उत्तर नव्हतंच. मी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि पैकीच्या पैकी गुण दिले. गावातच राहतो ना मी.